उतरा, इंजिन नवं आहे

भातं पिवळी पडली की मार्गासनीच्या रस्त्याला दोन वास येऊ लागतात. एक पिकल्या इंद्रायणीचा आणि दुसरा जळक्या क्लचचा. पहिला शेतातून येतो, दुसरा पुण्याहून. पाऊस उघडला, डोंगर अजून हिरवे आहेत, राजगड आणि तोरणा धुऊन ठेवल्यासारखे स्वच्छ दिसताहेत, एवढी खबर लागली की शनिवारी सकाळपासून ही मंडळी निघतात. गाड्या घराएवढ्या, आणि समोरून भाऱ्यांनी लादलेला ट्रॅक्टर आला की यांना चार हात मागे घेता येत नाही. मग काच खाली करून ट्रॅक्टरवाल्यालाच सांगतात, जरा मागे घ्या ना. तो बिचारा घेतोही. मी असते तर घेतला नसता.

पुढे ही माणसं बांधावर उभी राहून भाताच्या लोंब्या हातात धरून फोटो काढतात. गहू किती छान आलाय म्हणतात. एकीने मला विचारलं होतं, हे ऑरगॅनिक आहे का? मी म्हटलं, नाही, प्लॅस्टिकचं आहे. ती हसली नाही, मान डोलावून पुढे गेली. दुपारी पानशेतच्या बाजूला जाऊन ‘चुलीवरचं गावरान’ असं लिहिलेल्या पाटीखाली रांग लावतात. चूल दर्शनी ठेवलेली असते आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गॅसच्या टाक्या सुसू करत असतात. फसणाऱ्याला फसायचंच असेल तर फसवणाऱ्याला तरी नावं का ठेवायची?

मी भोरच्या शाळेत विज्ञान शिकवते. सहामाहीचे पेपर तपासून दिवाळीच्या सुट्टीत शिरताना मनुष्यजातीबद्दल फारसा आदर शिल्लक राहत नाही, हे कुठलीही शिक्षिका कबूल करील. पण माझा तुसडेपणा पेपरांमुळे आलेला नाही. तो वडिलोपार्जित आहे. आमच्या आबांनी मला आणि संजयला, माझ्या धाकट्या भावाला, जमिनीच्या आधी हीच इस्टेट वाटून दिली. त्यातला माझा वाटा मोठा. संजय तिसऱ्या वाक्याला हसतो, तिथंच त्याचं बिनसतं.

आबा मार्गासनीचे शेतकरी. त्यांच्या लेखी जगात यंत्राचं ऐकणारी माणसं थोडी आणि यंत्रावर ओरडणारी भाराभर. नदीवरचं पाण्याचं डिझेल इंजिन ते दर उन्हाळ्यात अंगणात उघडत. मी शेजारी उकिडवी बसायची. माझ्या मैत्रिणी भातुकली खेळत होत्या तेव्हा मला व्हॉल्व्ह घासायला दिलेला असे. नीट घासला तर शाबासकी नाही, वाईट घासला तर मात्र, "हे काय भांडं हाय का? राखंनं घासतीस व्हय?" असं यायचं. गावात कुणाचीही गाडी घाटात बंद पडली की आबांना वाईट वाटत नसे, समाधान वाटे. "मला म्हाईतच हुतं," एवढं बोलून ते गडाकडे बघत.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका भातकापणीच्या दिवसांत आम्ही बापलेकीनं आबांच्या गाडीचं इंजिन घरच्या गोठ्यात उघडून पुन्हा बांधलं. यंदा शेतावरून वारा आला आणि भाताच्या वासामागून मला त्या गोठ्यातला तेलाचा वास आठवला. वास्तविक तिथं तेव्हा जनावर नव्हतं. आई गेल्यावर आबांनी म्हशी काढून टाकल्या होत्या आणि गव्हाणीत पेंढ्याऐवजी रद्दी भरली होती.

गाडी म्हणजे जुनी पांढरी एट हंड्रेड. तीन सिलिंडर, इवलंसं बॉनेट, आत बसल्यावर गुडघे हनुवटीला. तिच्यावर आबांचं सगळं चालायचं. नसरापूरचा बाजार, डोळ्यांचा डॉक्टर, नदीपलीकडची खाचरं, आणि ज्यांना ते तुच्छ समजत त्यांच्या लग्नकार्यांना वेळेवर पोचणं. त्या वर्षी पावसाळ्यात ती निळा धूर ओकायला लागली. चढाला रडायची. पेट्रोलबरोबर ऑइलही प्यायची. नसरापूरच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट न उघडताच सांगितलं, "काका, भंगारात टाका." आबा म्हणाले, "तुला आधी टाकतो," आणि धुरात घरी आले.

गणपतीला संजय आला तेव्हा त्यानं हा धूर पाहिला आणि त्याला आयती संधी मिळाली. तो पुण्यात एका मोठ्या कंपनीत आहे. त्याची गाडी गिअर स्वतःच टाकते. आबा तिला गाडी म्हणतच नसत, पाळणा म्हणत. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि संजय ओटीवर बसून म्हणाला, "आबा, आता पुरे झालं. गाडी विकून टाकू. तुम्ही माझ्याकडं चला. एकट्यानं राहायचे दिवस नाहीत हे."

"का? माजे दिस कुणी नेलं?"

"गाडीशिवाय इथं कसं राहणार तुम्ही? शेवटची एसटी येते कधी, येत नाही कधी."

"गाडी हाय की."

"ही?"

आता हे सांगायला हवं की मी भोरला, फार लांब नाही. पण माझ्या घरी आबा राहणं शक्य नव्हतं. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हे त्यांचं ठरलेलं. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, चहा पितात आणि उठतात. हा अडाणीपणा आहे, असं मी त्यांना अनेकदा तोंडावर सांगितलं आहे. ते म्हणतात, "आसंल." म्हणजे पर्याय दोनच उरत होते. मार्गासनीचं घर, नाहीतर संजयचा फ्लॅट. आणि तो फ्लॅट आबांनी एकदा पाहिला होता. गॅलरीत उभं राहून म्हणाले होते, हितून पडलं तर शेजाऱ्याला कळायचं न्हाई.

शेवटी मीच मध्ये पडले. म्हटलं, इंजिन आम्ही बांधतो. संजयनं आमच्या दोघांकडं असं पाहिलं की जणू आम्ही विमान बांधायला निघालो होतो. मग त्यानं अट घातली. भाऊबीजेला तो येईल. त्या दिवशी गाडी वेल्ह्याला जाऊन आली पाहिजे, आणि येताना आबांनी स्वतः चालवत आणली पाहिजे. आणली तर तो पुण्याचं नाव काढणार नाही. नाही आणली तर आबा त्याच्याबरोबर जातील. आबा म्हणाले, "मान्य." कंपनीत संजय करार वगैरे बघतो. पण समोरच्याची मान किती ताठ आहे एवढं बघून अट घालू नये, हे त्याला तिथं कुणी शिकवलेलं नसावं.

शनिवार-रविवारी मी भोरहून जायची. गोठ्याच्या मधल्या तुळईला चेन अडकवून इंजिन वर उचललं तेव्हा तुळई करकरली आणि ओळीनं उभे राहिलेले बघे एकदम मागे सरकले. बघ्यांचा मला मनस्वी तिटकारा आहे. कापणीचे दिवस, शेतात माणूस मिळत नाही म्हणून बोंब, आणि आमच्या गोठ्याच्या दाराशी मात्र पाच-सहा जण कायम उभे. हातात विळा आहे, पण कापताहेत माझं डोकं. बाईनं पान्याला हात लावला की पुरुषांना उचकी लागते, हे मी तिथं शिकले. ज्यानं आयुष्यात सायकलचं पंक्चर काढलेलं नाही तोही सांगायला पुढे. "ताई, नट उलटा फिरतोय." "ताई, आमच्या मेव्हण्याच्या गाडीचं असंच झालं हुतं, शेवटी इकली." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

या सगळ्यांचे म्होरके महादूकाका. आबांचे चुलतभाऊ, भावकीतले शहाणे. नारळ कुठं फोडायचा, लग्नात मान कुणाचा, कुणाचा बांध कुणी कोरला, हे सगळं काकांना पाठ. काम म्हणून त्यांच्या हातून काही झालेलं माझ्या पाहण्यात नाही. रोज सकाळी ते गोठ्यात येऊन खाटेच्या कडेला टेकत आणि डबे बघत. मी प्रत्येक भागाचे नटबोल्ट आईच्या जुन्या मिसळणाच्या डब्याच्या वाट्यांतून वेगळे ठेवले होते. काका त्या वाट्यांत बोट घालून ढवळत. एकदा मी त्यांच्या बोटावर पाना आपटला. मुद्दाम नव्हे, असं मी सांगितलं. आबा खाटेवर पडल्या पडल्या खोकले. ते त्यांचं हसणं.

आबा खाटेवरूनच काम बघायचे. "नंदे, आदी पुली काड. मंग पट्टा. घाई कुणाची हाय? तुज्या सासऱ्याची?" अशा हाका. मला वाटायचं, हा त्यांचा जुना थाट आहे. उंटावरून शेळ्या हाकायच्या, तर उंटावरून उतरायचं कशाला? आयुष्यभर माणसं राबवलेल्या माणसाला लेक राबवायला काय वाटणार? मी घामाघूम होऊन इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, सोडवत होते आणि ते खाटेवरून बोट दाखवत होते. मला राग यायचा, पण बोट बरोबर जागी असायचं, त्यामुळे तो कुठं काढावा कळायचं नाही.

सिलिंडर आतून झिजले होते. ते पुण्याला लेथवर नेऊन थोडे मोठे कापून घ्यायचे आणि त्यांत त्या मापाचे नवे पिस्टन बसवायचे, असं ठरलं. संजयला गाडी मागायची नाही, ही आबांची आज्ञा. मग आम्ही सिलिंडरचा ब्लॉक गोणपाटात बांधला आणि मी तो एसटीनं नेला. कंडक्टरनं पोत्याला पाय लावून विचारलं, "काय आहे यात?" मी म्हटलं, इंजिन. त्यानं माझ्यामागे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं. "मालक कुठं आहेत?" मी म्हटलं, मालक तुमच्यासमोर आहेत, लगेजचं तिकीट फाडा. पलीकडच्या सीटवरचे दोघे नसरापूर येईपर्यंत माझ्याकडे चोरून बघत होते. इंजिन घेऊन जाणारी बाई पाहिल्याचं ते अजूनही कुठंतरी सांगत असतील, आणि त्या गोष्टीत माझं डोकं फिरलेलं असेल.

लेथवाल्याकडून ब्लॉक परत आला तेव्हा सिलिंडरच्या आत बारीक तिरप्या रेघा होत्या, एकमेकींना छेदणाऱ्या. बोट फिरवलं तर कळतील न कळतील अशा. त्या मुद्दाम काढलेल्या असतात. पिस्टनवरच्या नव्या रिंगा या रेघांवर घासत घासत आपली जागा करून घेतात, तेव्हा कुठं इंजिन धूर सोडायचं थांबतं. पहिला काही काळ त्याला फार जपावं लागतं. ओझं नको, फार पळवणं नको, आणि जागेवर नुसतं गुरगुरत ठेवणं तर नकोच. तसं ठेवलं तर त्या रेघा गुळगुळीत होऊन जातात, रिंगा कधीच बसत नाहीत, आणि केलेलं सगळं पाण्यात. आबा याला "अंगवळणी लावणं" म्हणत. नव्या सुनेला पहिल्या दिवशी शंभर माणसांचा स्वयंपाक करायला लावला तर ती मरते तरी किंवा पळून तरी जाते, तसंच हे, असं म्हणायचे. आमच्या आईला त्यांनी पहिल्या दिवशी काय करायला लावलं होतं, हे मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

दिवाळीची सुट्टी लागली आणि मी मार्गासनीलाच मुक्काम ठोकला. नवरा म्हणाला, "फराळ?" मी म्हटलं, विकत मिळतो. बाहेर खळ्यावर झोडणी चालू असायची. पेंढीचा धप्प धप्प आवाज, धूळ, आणि त्या धुळीपासून वाचवायला मी सिलिंडरवर आईचं जुनं मऊ लुगडं पांघरलेलं. एकेका पिस्टनला तेल लावून रिंगा दाबून आत ढकलताना आबा खाटेवरून उठून बसत. त्या वेळी ते काही बोलत नसत. पिस्टन सुळ्ळकन आत गेला की पुन्हा आडवे होत. इतक्या वर्षांत त्यांनी माझं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी इंजिन पहिल्यांदा सुरू केलं. आधी खोकलं, मग एका सिलिंडरवर लंगडलं, मग तिन्ही लागले. गोठा त्या आवाजानं भरला. दाराशी उभे असलेले बघे, ज्यांनी महिनाभर ते कधीच सुरू होणार नाही म्हणून पैजा मारल्या होत्या, तेच आता "आमी म्हनलंच हुतं" म्हणू लागले. मी त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं. मग आबांकडे पाहिलं तर ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. त्यांनी पाठ फिरवली ते बरंच झालं.

त्या संध्याकाळी आणि पाडव्याला दोन वेळा मी गाडी विंझरपर्यंत हळूहळू नेऊन आणली. आबा शेजारी बसायचे. चालवा म्हटलं तर म्हणायचे, "भाऊबिजंला. आदी तू लाव वळण." मला वाटलं, मिजास.

भाऊबीजेला संजय आला. पाळण्यातून उतरला, पांढऱ्या गाडीभोवती फिरला, धुराच्या नळीत बोट घालून पाहिलं. बोट कोरडं निघालं. "ताई, मानलं," म्हणाला. मी त्याला ओवाळलं. ताटात त्यानं साडीचं पाकीट ठेवलं. मी म्हटलं, साडी राहू दे, शब्द पाळ. तो हसला. मला त्याचं हसणं आवडत नाही, कारण ते चांगलं आहे.

तोवर अंगणात भावकी जमली होती. नवी किंवा नव्यानं उभी राहिलेली गाडी आधी वेल्ह्याच्या मेंगाईला न्यायची, ही आमच्याकडची रीत. त्याला माझी हरकत नव्हती. देवीला जायचं म्हणूनच संजयनं वेल्हे सांगितलं होतं. पण रीत तेवढ्यावर थांबत नाही. देवीला गाडी रिकामी न्यायची नाही. भरलेली न्यायची, घरची माणसं बसवून, म्हणजे गाडी आयुष्यभर भरलेली राहते. ट्रॅक्टर असो, टेम्पो असो, जीप असो. आणि पूजा चालू असताना गाडी चालू ठेवायची, कारण पूजेत गाडी बंद असणं म्हणजे अपशकुन. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, इंजिनाला विचारून ठरवलं का, याचा पत्ता नाही.

महादूकाकांनी चारी चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि मला म्हणाले, "चालू कर." मी केली. मग काकांच्या लक्षात आलं की नारळ आणला नाही. एक जण नारळ आणायला गेला. तो आला तर उदबत्ती मिळेना. मग आरतीचं तबक. मग काकांची सून, धाकटी वहिनी, अजून तयार व्हायची म्हणून सगळे थांबले. आणि तोवर इंजिन जागेवर गुरगुरतंय. इतके दिवस मी ज्या रेघांवरून बोट फिरवत होते त्या आता आत गुळगुळीत होत चालल्या आहेत, हे मला दिसत असल्यासारखं वाटत होतं. आरती सुरू झाली. पहिलं कडवं होऊन सगळे टाळ्यांच्या तालात आले तेव्हा मी खिडकीतून हात घालून चावी फिरवली.

आरती थांबली.

"ह्ये काय केलंस?" महादूकाका ओरडले. "पूजंत गाडी बंद? आगं, कळतंय का तुला काय?"

"मला कळतंय," मी म्हटलं. "तुम्हाला कळत नाही."

काका तबक हातात धरून तसेच उभे. आयुष्यात त्यांना इतकं सरळ कुणी बोललेलं नसावं. कुणी आरती पुढे नेईना, कुणी तबक खाली ठेवीना. शेवटी आबांनीच बसल्या जागेवरून खड्या आवाजात पुढचं कडवं सुरू केलं आणि सगळे नाइलाजानं त्यांच्यामागे गेले. आबांचा देवावर फारसा विश्वास नाही. माझ्यावर होता, असं त्या वेळी मला वाटलं.

पूजा संपली आणि दारं उघडली गेली. काका, दोन काकू, धाकटी वहिनी आणि मांडीवर घेतलेली पोरं असे सगळे त्या इवल्याशा गाडीत भरत गेले. गाडी मागून खाली बसली. एका काकूंच्या मांडीवर तांदळाची पाटीही होती, देवीला. मी दार धरून म्हटलं, "उतरा."

"कुठं उतरा?"

"सगळे उतरा. इंजिन नवं आहे. त्याला ओझं चालत नाही."

"देवीला रिकामी गाडी नेतीस?" काकू म्हणाल्या. "पुन्यात शिकलीस म्हून?"

मी पुण्यात शिकलेच नव्हते, भोरलाच शिकले होते. पण ते सांगायची ही वेळ नव्हती. त्या क्षणी मला ती सगळी माणसं, त्यांची लिंबं, त्यांची पाटी, त्यांची रीत, सगळं उचलून खळ्यावर आपटावंसं वाटत होतं. ज्या गाडीवर माझ्या बापाचं घर टिकणार होतं, तिच्या पाठीवर ही माणसं पुण्य मिळवायला बसली होती. आबा पुण्याला गेल्यावर यांतलं कोण त्यांना भेटायला जाणार होतं? एकही नाही. दिवाळीच्या फराळाला म्हणून तरी? नाही.

संजयनं आपल्या पाळण्याची दारं उघडली. "काकू, इकडं या. एसी आहे." रीतीची शंभर वर्षं एसीपुढे अर्ध्या मिनिटात संपली. महादूकाका पुढच्या सीटवर बसले आणि पाय लांब केले. तांदळाची पाटीसुद्धा गेली. माझ्या शेजारी फक्त आबा राहिले.

तो रविवार होता. वेल्ह्याच्या रस्त्यावर पुण्याची फौज उतरलेली. मी चाळीसच्या वर काटा जाऊ देत नव्हते. मधून मधून थोडा वेग वाढवायचा, पुन्हा सोडायचा, इंजिनला एका चालीवर सुस्तावू द्यायचं नाही. हे मागच्याला वेडेपणा वाटणार, यात शंका नाही. पण माझ्या मागे संजय होता. आरशात बघितलं तर त्याच्या चारी बाजूंचे पिवळे दिवे लुकलुकत होते. त्याच्या मागे हॉर्नची जत्रा. कुणी खिडकीतून हात बाहेर काढून शिव्या देतंय, कुणी मधूनच गाडीचं नाक बाहेर काढतंय. तो बाजूला होत नव्हता. वेल्ह्यापर्यंत तो तसाच मागून येत राहिला, पोटात सगळी भावकी घेऊन, पाळणा हलवत. मी त्याला मनातल्या मनात शहाणा म्हटलं नाही, पण कमी मूर्ख म्हटलं. आमच्या घरात हे पुष्कळ झालं.

दोन्हीकडं भाताची खाचरं, काही कापलेली, काही पिवळीधमक. आबा खिडकीबाहेर बघत होते. एका खाचरात भारे बांधून तसेच ओल्यात टाकलेले दिसले. "ह्येच्या बापालाबी कळत नव्हतं," ते म्हणाले. मग थोडं पुढे, "नंदे, आवाज ऐक. मधला सिलिंडर आता नीट लागला." मला तो आवाज वेगळा ऐकू येत नव्हता. पण हो म्हटलं.

मेंगाईच्या देवळाशी सगळे उतरले. दर्शन झालं, तांदूळ वाहिले, महादूकाकांनी देवीसमोर माझ्यासाठी मोठ्यानं क्षमा मागितली. मी त्यांच्याकडे रोखून बघितलं. बाहेर आलो तर पारावर लोक बसलेले, गडावरून उतरलेली चार-दोन पुणेरी टाळकी चहा पीत उभी, आणि आमची सगळी भावकी. मी चावी आबांच्या हातात ठेवली. संजय थोड्या अंतरावर उभा राहिला, हात मागे बांधून. त्याला अट मोडावी असं वाटत होतं की पाळावी, त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

आबा ड्रायव्हरच्या सीटवर बसले. धोतराचा सोगा नीट केला. आरसा वाकवला. चावी लावली नाही. डावा पाय उचलून क्लचवर ठेवायचा म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी मांडी धरली आणि उचलून पुढे सरकवली. पाय पेडलवर गेला आणि तिथंच पडला. त्यांनी दाबायला जोर लावला. कपाळावरची शीर तटतटली. पेडल हललं नाही. पुन्हा हातांनी गुडघा वरून दाबून पाहिला. मग ते थांबले.

तेव्हा मला ती खाट समजली. महिनाभराची खाट, तिच्यावरून दाखवलेलं बोट, आणि "आदी तू लाव वळण." आबांनी हे आमच्यापासून लपवलं होतं, आणि किती नीट लपवलं होतं. मला, जिला बोल्टची एक चकती कमी-जास्त झालेली कळते, तिला चकवलं होतं. आणि कशाच्या आडून? उर्मटपणाच्या. त्यांच्या उर्मटपणाचा आम्हाला कधी संशय आला नसता, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"आबा, मी घेते," मी हळूच म्हटलं. "इथून फक्त. कुणाला..."

"गप," ते म्हणाले.

पाराकडचे लोक बघत होते. महादूकाका काहीतरी बोलायला पुढे आले आणि संजयनं हात आडवा करून त्यांना थांबवलं. आबांनी हातांनी पाय उचलून बाहेर काढला, दार धरून उभे राहिले. गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला. मग संजयकडे वळून, नेहमीच्याच खेकसत्या आवाजात विचारलं,

"तुज्या बिल्डिंगीला लिफ्ट हाय ना रं?"

संजय म्हणाला, "दोन आहेत, आबा."

"दोन कशाला? तितल्या लोकांस्नी पायच न्हाईत का?"

आबा कुणाचा हात न धरता, एक हात पाळण्याच्या अंगावर टेकत, सावकाश त्याच्या पुढच्या दाराकडे गेले. संजयनं दार उघडून धरलं, आणि महादूकाका न सांगता मागे जाऊन बसले.

मी पांढऱ्या गाडीत बसले. शेजारची सीट मोकळी. चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. ना धूर, ना खोकला, तिन्ही सिलिंडर एकसारखे. मला ते बंद करून टाकावंसं वाटलं.